शिष्टाईचा वर्ग

नांदेड जिल्ह्याच्या पूर्व सीमेवर बिलोली हे तालुक्याचे गाव वसलेले आहे. गावाच्या पूर्वेस मांजरा नदी वाहते. नदीच्या अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे तेलंगण. पुढे कुंडलवाडीच्या परिसरात ही मांजरा गोदावरीस मिळते. १९५६ पर्यंत नदीचे दोन्ही काठ एकाच हैदराबाद राज्यात होते. पुढे सीमा बदलल्या, परंतु माणसांचे संबंध तुटले नाहीत. या भागातील पुष्कळ माणसे घरी मराठी बोलतात, बाजारात तेलुगूत भाव करतात आणि उर्दूही सहज समजतात. कित्येकांच्या लेकी पलीकडे दिलेल्या असतात, कित्येकांच्या सुना पलीकडून आलेल्या असतात. अशा ठिकाणी वाढणाऱ्या मुलांना एक गोष्ट लहानपणीच उमजते. आपण जे पाणी अडवतो, त्याची वाट खाली दुसरे कोणीतरी पाहत असते.

बिलोलीशेजारच्या धर्माबाद तालुक्यात बाभळी नावाचे गाव आहे. तेथे गोदावरीवर महाराष्ट्राने बंधारा बांधावयास घेतला. त्याची साठवणक्षमता २.७४ अब्ज घनफूट. याच नदीवर खाली, निजामाबादच्या बाजूस, पोचमपाडचे मोठे धरण आहे. त्याच्या जलाशयाचा फुगवटा महाराष्ट्राच्या हद्दीत पोहोचतो. वरच्या बाजूचा शेतकरी म्हणे, "नदी आमच्या शिवारातून वाहते आणि आमची विहीर मात्र उन्हाळ्यात कोरडी पडते." खालच्या बाजूचा शेतकरी म्हणे, "तुम्ही वर दारे लावलीत, तर आमच्या कालव्यात काय येईल?" दोघेही कष्टाळू, दोघेही तहानलेले, आणि दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते. अशा वेळी काय करावे? भांडावे, की बोलावे? आणि बोलावयाचे झाले, तर कसे बोलावे?

या 'कसे बोलावे' च्या शास्त्राला मराठीत जुना आणि सुंदर शब्द आहे: शिष्टाई. युद्ध टळावे म्हणून श्रीकृष्ण कौरवांच्या सभेत गेला, त्या प्रसंगाला 'कृष्णशिष्टाई' असे नाव पडले. शिवकालात परदरबारी जाणाऱ्या दूतास वकील किंवा हेजीब म्हणत. १६५९ मध्ये पंताजी गोपीनाथ हे शिवाजी महाराजांचे वकील म्हणून अफजलखानाकडे गेले होते. दूताचे बळ शस्त्रात नसते. त्याचे बळ असते शब्दांत, संयमात आणि समोरच्या माणसाचे मन ओळखण्याच्या शक्तीत. आपल्या धन्याचे हित त्याने कधी विसरावयाचे नाही, आणि समोरचा माणूस वैरी असला तरी तो माणूस आहे, हेही विसरावयाचे नाही.

पूर्वी शिष्टाई बहुधा दोन राज्यांपुरती असे. आजच्या जगापुढे मात्र असा एक प्रश्न उभा आहे की त्यात सर्वच राष्ट्रे एकमेकांची शेजारी झाली आहेत. तो प्रश्न म्हणजे हवामानबदल. दगडी कोळसा, खनिज तेल व वायू जाळल्याने कर्बद्विप्राणिद वायू वातावरणात साठत जातो आणि पृथ्वीची उष्णता अडवून धरतो. यंत्रयुगाच्या पूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते. आज ते ४२० हून अधिक झाले आहेत. धूर एका देशाच्या धुराड्यातून निघतो, परंतु त्याला सीमा ठाऊक नसते. मराठवाड्याने २०१४ च्या उन्हाळ्याच्या तोंडी गारपीट सोसली. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. सप्टेंबर २०२५ मध्ये याच मराठवाड्यात अतिवृष्टीने हातची पिके वाहून गेली. अवर्षण आणि अतिवृष्टी येथे पूर्वीही होत असे. परंतु पृथ्वी तापली की अशा संकटांची तीव्रता वाढते, असे शास्त्रज्ञ सांगतात. जो शेतकरी आपल्या सोयाबीनच्या शेताच्या बांधावर उभा आहे, त्याने पॅरिस पाहिलेले नाही. परंतु पॅरिसमध्ये ठरते त्याचा परिणाम त्याच्या शेतावर होतो.

या प्रश्नावर विचार करण्यासाठी १९९२ मध्ये ब्राझीलमधील रिओ दी जानेरो येथे राष्ट्रांनी एका करारनाम्यावर सह्या केल्या. जबाबदारी सर्वांची सामाईक आहे, परंतु ती सर्वांची सारखी नाही, हे तत्त्व त्यात मान्य झाले. ते का, हे एका हिशेबावरून कळेल. अमेरिकेत दर माणशी वर्षाला सुमारे १४ टन कर्बद्विप्राणिद वायू बाहेर पडतो. भारतात दर माणशी सुमारे २ टन. ज्याने अधिक धूर केला, त्याने अधिक भार उचलावा, हे न्यायाचेच आहे. परंतु चीन व भारत ही राष्ट्रे मोठी आहेत, आणि त्यांचा एकूण धूर आता थोडा राहिलेला नाही, हेही तितकेच खरे आहे. या दोन सत्यांमधून वाट काढण्यासाठी राष्ट्रांचे प्रतिनिधी दर वर्षी परिषदेस जमतात. १९९७ मध्ये ते जपानमधील क्योतो येथे जमले, २००२ मध्ये दिल्लीस जमले, २०१५ मध्ये पॅरिस येथे जमले.

अशा परिषदेत बसावयाचे शिक्षण कोठे मिळते? त्यासाठी शिक्षकांनी एक युक्ती योजली आहे. ती म्हणजे लुटुपुटीची परिषद. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघ स्थापन झाला, तेव्हा अमेरिकेतील काही विद्यापीठांत विद्यार्थी त्या संघाच्या नकली सभा भरवू लागले. संयुक्त राष्ट्रसंघ निर्माण झाल्यावर ही प्रथा जगभर पसरली. पुढे क्लायमेट इंटरॅक्टिव्ह ही संस्था आणि मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील अभ्यासक यांनी हवामानाच्या वाटाघाटींचा एक खेळ सिद्ध केला. अनेक देशांतील विद्यार्थी तो खेळले आहेत.

असा एक खेळ बिलोलीच्या एखाद्या शाळेत मांडला आहे, अशी कल्पना करावी. सातवीचा वर्ग आहे. गुरुजींनी मुलांचे सहा गट केले आहेत: अमेरिका, युरोपीय संघ, इतर श्रीमंत राष्ट्रे, चीन, भारत आणि इतर विकसनशील राष्ट्रे. श्रीमंत राष्ट्रांसाठी टेबल मांडले आहे. त्यावर स्वच्छ कापड, पाण्याचे तांबे आणि बशीभर चिवडा. चीन व भारत यांना साधी बाके. आणि सहाव्या गटाला नुसती जमीन. त्या गटात आफ्रिकेतील गरीब देश आणि समुद्रातील लहान बेटे आहेत.

"गुरुजी, आम्हांला सतरंजीसुद्धा नाही?" जमिनीवर बसलेली एक मुलगी विचारते.

"नाही, बाळ," गुरुजी म्हणतात. "तू आज एका बेटाची प्रतिनिधी आहेस. जे तुझ्याजवळ नाही, ते तुला बोलून मिळवावयाचे आहे."

प्रत्येक गटाने तीन गोष्टी ठरवावयाच्या असतात. आपला धूर कोणत्या वर्षी वाढावयाचा थांबेल? कोणत्या वर्षापासून तो कमी होऊ लागेल, आणि दर वर्षी शेकडा किती? आणि गरीब राष्ट्रांच्या साहाय्यासाठी जो सामाईक निधी उभारावयाचा, त्यात आपण किती भर घालणार, किंवा त्यातून आपणांस किती हवे? जंगले राखण्याचे वचनही त्यांना द्यावे लागते. मग प्रत्येक गटाचा प्रमुख सभेपुढे उभा राहून दोन मिनिटे बोलतो.

पहिल्या फेरीत बहुधा सर्व जण सावधपणे बोलतात. टेबलावरचे गट म्हणतात, "आम्ही करू, परंतु आधी चीन व भारत यांनी आकडा सांगावा." बाकावरचे गट म्हणतात, "आमच्याकडे अजून कित्येक घरांत पुरेशी वीज नाही. ज्यांनी दीडशे वर्षे धूर केला, त्यांनी प्रथम करावे." सर्वांची वचने फळ्यावर लिहिली जातात आणि गणकयंत्रात घातली जातात. यंत्र हिशेब करून सांगते की या वचनांनी शतकाच्या अखेरीस पृथ्वी किती तापेल. राष्ट्रांनी ठरविलेली मर्यादा आहे २ अंशांच्या पुष्कळ खाली. शक्यतो दीड अंश. पहिल्या फेरीचे उत्तर सहसा त्या मर्यादेच्या वरच राहते.

तेव्हा गुरुजी काही न बोलता एक मोठी निळी चादर आणतात आणि जमिनीवर बसलेल्या मुलांच्या डोक्यावरून पसरतात. ही चादर म्हणजे वाढलेला समुद्र. प्रथम सारा वर्ग हसतो. चादरीखालची मुलेही हसतात. परंतु चादर निघत नाही. सभा पुढे चालू राहते, आणि चादरीखालून बोललेले शब्द टेबलापर्यंत नीट पोहोचत नाहीत. हळूहळू हसणे थांबते. टेबलावरचा एक मुलगा चिवड्याची बशी उचलून खाली जमिनीवर नेऊन ठेवतो.

"छान केलेस," गुरुजी म्हणतात, "पण चादर चिवड्याने निघणार नाही. ती आकड्याने निघेल."

हे नाटक वाटेल. परंतु ते वस्तुस्थितीहून फार दूर नाही. १७ ऑक्टोबर २००९ रोजी मालदीवच्या राष्ट्राध्यक्षांनी आपल्या मंत्रिमंडळाची बैठक चक्क समुद्राच्या तळाशी, पाणबुड्यांचा पोशाख घालून घेतली होती. २०२१ मध्ये तुवालू या बेटराष्ट्राच्या मंत्र्यांनी गुडघाभर समुद्रात उभे राहून परिषदेसाठी भाषण केले होते. ज्यांच्याजवळ सैन्य नाही आणि संपत्तीही नाही, त्यांनी जगाचे लक्ष वेधण्यासाठी योजलेली ती शिष्टाईच होती.

दुसरी फेरी सुरू होते. आता मुले आपापल्या जागा सोडून एकमेकांकडे जातात. खरी शिष्टाई येथेच घडते, कारण सभेत माणूस भाषण करतो, पण कोपऱ्यात तो ऐकतो. भारताचा प्रतिनिधी अमेरिकेला विचारतो, "तुम्ही सूर्यशक्तीची यंत्रे स्वस्त दिलीत, तर आम्ही पाच वर्षे आधी थांबू. जमेल?" युरोप चीनशी बोलतो. बेटांची मुलगी चादर खांद्यावर घेऊन एकेका गटाकडे जाते. ती रागावत नाही, रडत नाही, एकच प्रश्न विचारते, "तुमच्या आकड्यात आमचे गाव कोठे आहे?"

या खेळात एक नियम फार मोलाचा ठरतो. उत्तर देण्यापूर्वी समोरच्याचे म्हणणे आपण आपल्या शब्दांत सांगावयाचे, आणि "होय, मला हेच म्हणावयाचे होते," असे त्याने मान्य केल्यावरच आपली बाजू मांडावयाची. हा नियम पाळणे दिसते तितके सोपे नाही. आपल्याला वाटते, आपण ऐकले. पण पुष्कळदा आपण उत्तराची तयारी करीत असतो.

वचने ठरली, की ती लिहावयाची वेळ येते. येथे भाषेची खरी परीक्षा होते. 'राष्ट्रांनी धूर कमी करावा' आणि 'राष्ट्रांनी धूर कमी करावाच' या दोन वाक्यांत केवळ एका 'च' चे अंतर आहे. परंतु त्या एका अक्षरात बंधन आहे. पॅरिस येथे डिसेंबर २०१५ मध्ये नेमके असेच घडले. अखेरच्या मसुद्यात श्रीमंत राष्ट्रांविषयीच्या एका कलमात बंधनकारक क्रियापद आले होते. अमेरिकेने त्यास हरकत घेतली. ते क्रियापद बदलून सौम्य केले गेले, आणि मगच १२ डिसेंबर रोजी करार संमत झाला. २०२१ मध्ये स्कॉटलंडमधील ग्लासगो येथेही तसेच झाले. कोळशाचा वापर हळूहळू 'बंद करणे' असे मसुद्यात होते. अखेरच्या क्षणी भारताने ते हळूहळू 'कमी करणे' असे करावयास सुचविले, आणि तो बदल मान्य झाला. आमच्या गरिबांच्या घरी दिवा लागावयाचा आहे, असे एका बाजूचे म्हणणे. आमची बेटे बुडावयाची आहेत, असे दुसऱ्या बाजूचे. सभेच्या अध्यक्षांना त्या वेळी गहिवरून आले. एका शब्दाला केवढे वजन असू शकते, हे त्या दिवशी जगाने पाहिले.

लहानांचा आवाज अशा सभेत निष्फळच ठरतो, असे मात्र नाही. प्रशांत महासागरातील मार्शल बेटे हे अगदी छोटे राष्ट्र. त्याचे परराष्ट्रमंत्री टोनी डी ब्रम यांनी पॅरिस परिषदेच्या आधीपासून श्रीमंत आणि गरीब अशा दोन्ही बाजूंच्या राष्ट्रांना गाजावाजा न करता एकत्र आणले. दीड अंशाची मर्यादा करारात यावी, हा त्यांचा आग्रह होता. ती आली. २०२२ मध्ये इजिप्तमधील शर्म अल शेख येथे, हवामानाच्या आपत्तीने नुकसान सोसणाऱ्या राष्ट्रांसाठी वेगळा निधी स्थापण्याचे ठरले; तेही गरीब राष्ट्रांनी वर्षानुवर्षे धरलेल्या चिकाटीचे फळ होते. अर्थात करार करणे एक आणि टिकविणे दुसरे. अमेरिका २०२० मध्ये पॅरिस करारातून बाहेर पडली, २०२१ मध्ये परत आली आणि २०२५ मध्ये तिने पुन्हा बाहेर पडण्याची घोषणा केली. शिष्टाईचे काम शेतीसारखे आहे. एकदा पेरले म्हणून कायमचे पिकत नाही.

लुटुपुटीची परिषद संपते, चादर घडी करून ठेवली जाते. मग गुरुजी फळ्यावर गोदावरी काढतात आणि मुलांना पुन्हा बाभळीकडे घेऊन येतात.

गोदावरीच्या पाण्याची वाटणी हाही शिष्टाईचाच विषय होता. १९६९ मध्ये न्यायमूर्ती बच्छावत यांच्या अध्यक्षतेखाली पाणीतंटा लवाद नेमला गेला. लवाद चालू असतानाच राज्यांनी आपसांत बोलून करार केले. ६ ऑक्टोबर १९७५ च्या अशा एका करारात, पैठण ते पोचमपाड या टप्प्यात नव्या प्रकल्पांसाठी महाराष्ट्राने ६० अब्ज घनफूट पाणी वापरावे, असे ठरले. १९८० मध्ये लवादाने अंतिम निवाडा दिला. पुढे बाभळीच्या बंधाऱ्यावरून पुन्हा वाद पेटला. आंदोलने झाली, आणि २००६ मध्ये आंध्र प्रदेशाने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. २८ फेब्रुवारी २०१३ रोजी न्यायालयाने निकाल दिला. महाराष्ट्राने बंधारा ठेवावा. परंतु १ जुलैपासून २८ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे पावसाळ्यात, त्याची दारे उघडी ठेवावीत. एरवी २.७४ अब्ज घनफुटांपेक्षा अधिक पाणी वापरू नये, आणि दर वर्षी १ मार्चला ०.६ अब्ज घनफूट पाणी खाली सोडावे. देखरेखीसाठी तिघांची समिती नेमली गेली: एक सभासद केंद्रीय जल आयोगाचा आणि एकेक दोन्ही राज्यांचा.

हा निकाल कोणालाच पूर्णपणे रुचला नसेल. पावसाळ्यात भरभरून वाहणारे पाणी दारांतून निघून जाताना पाहणे वरच्या शेतकऱ्याला जड जाते. खालच्या शेतकऱ्याच्या मनातून बंधाऱ्याची शंका जात नाही. परंतु दर वर्षी ठरल्या दिवशी दारे उघडली जातात, आणि दोन्ही राज्यांची माणसे तेथे एकत्र उभी असतात. भांडण मिटले नसेल. पण ते आता तारखांनी आणि आकड्यांनी बांधले गेले आहे. शिष्टाईने पुष्कळदा एवढेच साधते, आणि एवढेही थोडके नसते.

गुरुजी आता मुलांचे दोन गट करतात. बिलोली-धर्माबादच्या मुलांनी निजामाबादचे शेतकरी व्हावयाचे, आणि त्यांची बाजू मांडावयाची. मुले प्रथम कुरकुर करतात. मग बेटांची प्रतिनिधी झालेली तीच मुलगी उठते. थोडा विचार करून ती म्हणते, "गुरुजी, समुद्राच्या खेळात मी खाली बसले होते. येथे मात्र आपले गाव वर आहे."

वर्गात क्षणभर शांतता पसरते. जगाच्या सभेत जी माणसे खालच्या बाजूला बसून न्याय मागतात, तीच आपल्या नदीवर वरच्या बाजूला असतात. कोणीही नेहमीच वर नसतो, कोणीही नेहमीच खाली नसतो. हे ज्याला कळले, त्याला शिष्टाईचा पहिला धडा कळला.

शब्दार्थ

शिष्टाई: दोन पक्षांत समेट घडवून आणण्यासाठी केलेली बोलणी. हेजीब: दूत, वकील. फुगवटा: धरणामुळे वरच्या बाजूस पसरलेले पाणी. मसुदा: कराराचा कच्चा लेख. लवाद: तंटा सोडविण्यासाठी नेमलेले न्यायमंडळ. अब्ज: शंभर कोटी. अवर्षण: पाऊस न पडणे.

अभ्यास

१. बाभळीच्या बंधाऱ्याबाबत वरच्या व खालच्या शेतकऱ्यांचे म्हणणे काय होते? दोघांच्या म्हणण्यात तथ्य होते, असे का म्हटले आहे?

२. 'चादर चिवड्याने निघणार नाही. ती आकड्याने निघेल,' या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.

३. जबाबदारी सामाईक आहे, परंतु सारखी नाही, हे पाठातील हिशेबाच्या आधारे पटवून द्या.

४. पुढील वाक्यांच्या अर्थांत कोणता फरक आहे ते सांगा: (अ) त्याने यावे. (आ) त्याने यावेच. (इ) त्यानेच यावे.

५. तुमच्या गावातील पाणी, रस्ता किंवा मैदान यांविषयीचा एखादा वाद निवडा. ज्या बाजूचे म्हणणे तुम्हांला पटत नाही, त्या बाजूने दहा ओळी लिहा. त्या बाजूच्या माणसाला त्या वाचून दाखवा. "मला हेच म्हणावयाचे होते," असे त्याने म्हटले, तर तुमचा अभ्यास पुरा झाला असे समजावे.